साडेसोळा इंच खांदा

५ फेब्रुवारी, गुरुवार

गुलाबी कोटवाली आज पुन्हा दिसली. समोरच्या बसथांब्यावर रोज पावणेनऊला येते. पायात जुने काळे बूट, केस कसेतरी बांधलेले आणि वर तो कोट! असला भडक गुलाबी मी कुणाच्या अस्तरालासुद्धा लावणार नाही. पण बाई अशी उभी राहते की जणू थांबा तिच्या बापाचा आहे. शेजारी आखूड पँटवाला कारकून होता. त्याच्या एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात हिरवा. घरातून निघताना बघणारं कुणी नसेल बिचाऱ्याला. मला बघणारी ताई आहे, म्हणून माझं असं कधी होत नाही.

ही डायरी कापडाच्या दुकानातल्या मालकीणबाईंनी दिली. नेहमीच्या गिऱ्हाइकांना देतात. ताईला म्हटलं, शिवायला आलेल्या कपड्यांची नोंद ठेवेन. म्हणजे पहिल्याच पानावर खोटं बोलून बसले. नोंदीसाठी ताईची मापवही आहेच, वीस वर्षांची, तिच्या टपोऱ्या अक्षरातली. मला आपलं कपड्यांबद्दल डोक्यात जे येतं ते कुठेतरी ओकायचं होतं. ताईशी बोलायला गेलं की ती म्हणते, "ठमे, तोंड कमी चालव, मशीन जास्त."

ठमी मीच. वय एकोणचाळीस. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. एकेकाळी तिच्याकडे लांबलांबून बायका यायच्या. आता संधिवातानं तिची बोटं वाकली, सुईत दोरा जात नाही. त्यामुळे शिवते मी आणि खुर्चीत बसून सांगते ती. गेल्या सहा वर्षांत ती जिना उतरलेली नाही. मी दर गुरुवारी दोरे-बटणं आणायला जाते आणि तासाभरात परत येते. तासावर दहा मिनिटं गेली की ताईला चक्कर येते.

९ फेब्रुवारी, सोमवार

बँकेतली बाई मासिकातलं चित्र घेऊन आली. "अस्सं पाहिजे." चित्रातल्या मुलीला पोट नावाचा अवयवच नव्हता, आणि ही तीन मुलांची आई. तोंडावर सांगायची सोय नाही. मी म्हटलं, बाई, रंग हाच ठेवू, पण कंबर दोन बोटं वर घेऊ आणि गळा थोडा खाली. नुसतं कापड अंगावर टाचून आरशापुढे उभी केली तर बाई चक्क लाजली. पाठ ताठ झाली तिची. या धंद्यात मला तेवढं एकच आवडतं. माणूस स्वतःला बघतं आणि दोन क्षण गप्प होतं.

मग ती मला म्हणाली, "तुम्हाला इतकं कळतं, मग तुम्ही स्वतः का नाही असं काही घालत?"

माझ्याआधी ताईच बोलली. "तिचा बांधा रुंद आहे. तिला मोकळंच बरं."

"रुंद कसली, कपाट आहे मी!" मी म्हटलं, आणि आम्ही तिघी हसलो. मी जरा जास्तच हसले.

माझ्याकडे अकरा झगे आहेत. अकराही एकाच पुठ्ठ्याच्या फर्म्यावर बेतलेले. फर्मा ताईनं माझ्या मापानं कापला, तेव्हापासून तोच. तपकिरी, काळपट राखाडी, विटका निळा. ताईचे नियम मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील: रुंद बाईनं आडव्या रेघा घालायच्या नाहीत, चमकदार काही नाही, कापड अंगाला लागू द्यायचं नाही. मासिकात लिहिलंय की प्रत्येकीची स्वतःची स्टाइल असते. माझीही आहे म्हणायची. मी येऊन गेले तरी कुणाच्या लक्षात राहू नये, अशी.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी एका कारखान्यातला दाढीवाला कटर आमच्याकडे फर्मे बघायला यायचा. दोनदा आला, माझ्याशी बाहीच्या बेतावर तासभर वाद घातला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही. ताई म्हणाली, त्याला बारीक बायका आवडतात. त्याच वर्षी मला दुसऱ्या शहरात शिवणकामाच्या शाळेत जागा मिळाली होती, पण निघायच्या दिवशीच ताईला ताप भरला. बिचारीचं नशीबच असं. आजारपणसुद्धा नेमकं वेळ साधून येतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज ओळी वाकड्या आल्या तर येवोत.

मालकीणबाई म्हणजे तोफ. मी दोऱ्याची रिळं निवडत होते तर सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ए बाई, इकडे ये. मी वरचा मजला घेतलाय. कापड खाली, शिवण वर. माप घ्यायला, कुणाला काय शोभेल ते सांगायला माणूस हवंय. मशीनवर बसायला ढिगानं मिळतात गं, नजर असलेलं माणूस मिळत नाही. तू ये."

मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, दुसऱ्याच कुणाला म्हणत असतील.

दोन मार्चपासून, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. चोवीस तारखेपर्यंत सांगायचं. "आणि हे पोतं घालून यायचं नाही हं," त्या म्हणाल्या. "तुझ्या अंगावर जे असेल तीच आपली पाटी."

मी म्हटलं, माझा बांधा रुंद आहे, मला असंच घालावं लागतं. त्या केवढ्यांदा हसल्या! गळ्यातला टेप काढला आणि तिथल्या तिथे, कापडाच्या ठाणांमध्ये उभं करून माझं माप घेतलं. झग्याचं कापड मागे मुठीत आवळून धरलं होतं. कागदावर लिहून दिलं. खांदा साडेचौदा. छाती छत्तीस. कंबर तीस.

"चुकलं तुमचं," मी म्हटलं. "माझा खांदा साडेसोळा आहे. छाती एक्केचाळीस, कंबर छत्तीस."

"मग बाकीची काय घरी ठेवून आलीस?"

घरी पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. ताई जमिनीवर निजली होती, उशी डोक्याखाली घेऊन. कागद झग्याच्या आत होता. नोकरीचं बोलायचा धीर झाला नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईला मापाचं सांगितलं. म्हणजे नोकरीचं नाही, नुसतं मापाचं. गमतीत सांगितलं, की बघ, दुकानात माझं वजन एका तासात उतरलं.

ताई अजिबात हसली नाही. म्हणाली, "आपला टेप जुना आहे. ताण बसून बसून लांबला असेल. म्हणून फरक."

खरंच की! हे माझ्या कसं डोक्यात आलं नाही? वीस वर्षं तोच पिवळा टेप, कडा दोऱ्या दोऱ्या झाल्यात. उगाच रात्रभर कूस बदलत होते. म्हणजे कुणाचंच काही चुकलेलं नाही. टेपाचं चुकलंय.

स्वतःचं माप स्वतः घेऊन बघावं असं मनात आलं होतं, पण ते बरोबर येत नाही. हात मागे नेला की खांदा हलतो, खाली बघितलं की कंबर बदलते. माप दुसऱ्यानंच घ्यायचं असतं. हा ताईचा नियम आहे आणि तो खोटा नाही, कुणीही शिवणारी सांगेल.

१५ फेब्रुवारी, रविवार

शेवटी सांगितलं नोकरीचं. चहा देताना.

"जा की," ताई म्हणाली. "मी कुठं अडवलंय?"

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मी आनंदानं तिच्या गळ्यातच पडले. मग ती अंघोळीला गेली आणि आत धाडकन काहीतरी पडलं. बादली होती. ताई भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. "मला काही नाही झालं. तू तुझं बघ," म्हणाली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन तासभर ओल्या फरशीवर बसले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर घरी येऊन गेले. रक्तदाब चांगला, नाडी चांगली, कानात दोष नाही. मला जिन्यापर्यंत पोचवायला लावलं आणि म्हणाले, "तुमच्या बहिणीपेक्षा तुम्हीच जास्त दमलेल्या दिसता. कधी बाहेर जाता की नाही?" डॉक्टरांना काय कळतंय! माणूस न्हाणीत पडतं ते काय हौस म्हणून?

ताईला सूप भरवलं. अर्धी वाटी प्यायली. म्हणाली, "चोवीस तारखेला नाही म्हणून कळवून टाक, म्हणजे त्यांची खोटी व्हायला नको." दुसऱ्याचा किती विचार करते! मी हो म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासताना रडले. का ते कळलं नाही, भांडी तर चारच होती.

आज गुलाबी कोटवालीनं कोटावर हिरवा स्कार्फ बांधला होता. हिरवा! पण शोभत होता, काय करणार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात गेले नाही. ताईला एकटं सोडवत नाही.

बँकेतल्या बाईचा ड्रेस आज तिनं घालून पाहिला. कुठे ओढ नाही, चुणी नाही, अगदी तिच्या अंगचाच. ती खुशीत गेली. मी मशीनचं झाकण लावत होते आणि एकदम हातच थांबला. तिचं माप मी याच पिवळ्या टेपानं घेतलं होतं.

मग बसले आणि नीट विचार केला. लांबलेल्या टेपावरचा प्रत्येक इंच लांब झालेला असतो. लांब इंच अंगावर कमी भरतात. म्हणजे ताण बसलेल्या टेपानं माप कमी यायला पाहिजे. जास्त येईलच कसं? शिवणकामाच्या पहिल्या महिन्यात शिकतात हे. मला ताईनंच शिकवलं.

तरी टेप घेतला आणि पोलादी पट्टीवर धरून पाहिला. साठ इंचांत जेमतेम पाव इंच फरक आहे.

मला गरगरायला लागलं. ताई खुर्चीत डुलक्या घेत होती. झोपेत तिचं तोंड उघडं पडतं, लहान मुलीचं असतं तसं. मी तिच्याकडे बघत उभी राहिले आणि इतका राग आला की कात्री हातातून खाली ठेवली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

विचारलं नाही. दिवसभर बटणं लावली.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नवा टेप काढला, अजून पाकिटात होता तो. म्हटलं, "ताई, माझं माप घे. फर्मा जुना झालाय."

"बोटं चालत नाहीत गं माझी."

"नुसती कंबर घे."

उठली. माझ्या मागे उभी राहिली. ती कायम मागेच उभी राहते, टेपाची दोन्ही टोकं पाठीवर जुळवते. "मान सरळ. खाली बघू नकोस," म्हणाली. टेप कमरेभोवती गार लागला. म्हणाली, "छत्तीस."

मी हात मागे नेला आणि तिच्या बोटांजवळच टेप चिमटीत पकडला. सोडला नाही. तसाच ओढून पुढे आणला. तीस.

खाली बस येऊन गेली.

"ताई, तू कधीपासून असं लिहितेस?"

"आई गेली तेव्हापासून." ती आपली सरळ सांगून मोकळी झाली, लपवाछपवी काही नाही. खुर्चीत बसली, गुडघे दाबत राहिली. "तू एकवीस वर्षांची होतीस. बाबा आधीच गेलेले. तुला घेऊन रस्त्यानं निघाले की लोक वळून बघायचे. आज ना उद्या कुणीतरी नेणार हिला, मला वाटायचं. मग माझं कोण?"

"म्हणून अठरा वर्षं मला पोत्यात घातलंस?"

"पोतं नाही," ताई म्हणाली. "चांगलं कापड असायचं."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही, पण बोलले. मला वाटायचं मी कपाट आहे, बसमध्ये दोन माणसांच्या मध्ये बसायची नाही मी, फोटोत कडेला उभी राहायची. कुणी नुसतं बघितलं तरी वाटायचं, आकारच बघतंय. आणि तिला माहीत होतं. दर वेळी माप घेताना खरा आकडा तिच्या बोटांखाली असायचा, तो बघून ती दुसराच लिहायची. ताई रडली नाही. शेवटी म्हणाली, "झालं बोलून? आता दूध गरम कर."

आणि मी केलं! हे लिहितानाही लाज वाटतेय. उठले आणि दूध गरम केलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ताईसमोर उभी राहून मालकीणबाईंना फोन केला. हो म्हणून सांगितलं. मग सोमवार असूनही बाहेर पडले. दीड तास लागला. मुद्दाम लावला.

दुकानात रंग निवडताना माझी नजर सवयीनं तपकिरीकडे गेली. मालकीणबाईंनी तो गठ्ठाच उचलून आत ठेवला. मोहरीच्या फुलासारखा पिवळा घेतला. घेताना इतकं अवघडले, जणू चोरी करतेय.

परत आले तर ताई निजली होती, भिंतीकडे तोंड करून. हाक मारली नाही. तिनंही मारली नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस तोंडाला कुलूप आहे तिच्या. पलंगावर भिंतीकडे तोंड. जेवण ठेवलं की जेवते, मी खोलीत नसताना.

फर्म्याशिवाय बेतायला बसले तर खडू चालेना. दर रेघेला वाटायचं, हे फार अरुंद होतंय, यात मी मावणार नाही. मालकीणबाईंचा कागद समोर होता, आकडे लख्ख होते, तरी हात दोन इंच बाहेरच जायचा. तीनदा पुसलं. शिवणीबाहेर जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात, ती अर्धा इंच पुरते. मी दीड इंच सोडून ठेवली. मग स्वतःवरच चिडले आणि कापून टाकली.

दुपारी डावी शिवण उघडी ठेवून, कच्चे टाके घालून अंगावर चढवून पाहिलं आणि काखेखाली टाचण्या लावल्या. आरशात जी होती तिच्याकडे बघवेना. लठ्ठ दिसत होती म्हणून नव्हे. दिसत होती म्हणून. कापड अंगाला लागलं की सारखं कुणीतरी हात लावतंय असं वाटतं. पोस्टमन दारात आला तर मी पडद्यामागे लपले. अशी मी सोमवारी दुकानात उभी राहणार आहे म्हणे!

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "उजवा मुंढा ओढतोय."

चार दिवसांतले पहिले शब्द. मी हात वर करून पाहिला. बाहीच्या जोडावर ओढत होता. पाव इंच खोल केला, बाही झक्क बसली. ती भिंतीकडे तोंड करून होती, मग कधी पाहिलंन? मला हसू आलं आणि लगेच राग आला की हसू का आलं.

१ मार्च, रविवार

ड्रेस झाला. उरलेली शिवण मारली, मागे चेन लावली, गोट आत दुमडला, इस्त्री फिरवली. खुंटीवर टांगला तर सगळी खोली वेगळीच दिसायला लागली.

ताईनं मान वळवून बघितलं. "रंग भडक आहे," म्हणाली. मग म्हणाली, "शिवण सरळ आहे."

उद्या नऊ वाजता. तिच्यासाठी सूप करून ठेवलंय, पाव कापून झाकून ठेवलाय, औषधं ओळीनं मांडलीत, उशाला फोन ठेवलाय. दर वेळी काहीतरी ठेवायचं राहिलं असं वाटतंय. ताई आजारी पडली तर? आणि खरं सांगायचं तर, नाही पडली तर? मग न जायला कारणच उरणार नाही.

२ मार्च, सोमवार

संध्याकाळ. सगळं सविस्तर लिहिते.

आठला तयार व्हायला घेतलं. ड्रेस चढवला, हात मागे नेले आणि तेव्हा माझ्या मूर्खपणाचा उजेड पडला. चेन मागे! कमरेच्या जोडावर कापडाचे चार थर येतात, तिथे दोन्ही बाजू एका हातानं जुळवून धरायच्या आणि दुसऱ्यानं चेन वर घ्यायची. ड्रेस इतका अंगाबरोबर, की माझे हात मागे नेले की त्या दोन्ही बाजू एकमेकींपासून लांबच पळत होत्या. अख्ख्या जन्मात मी दुसऱ्यांच्या चेनी लावत आले. ड्रेस म्हटलं की चेन मागे, आणि मागे कुणीतरी उभं असणारच. आमच्या घरात चेनीचा कपडा एकटीनं कधी कुणी घातलाच नाही. माझे झगे तर डोक्यातून खाली टाकले की झाले.

सव्वाआठ. हँगरची तार वाकवून पाहिली. चेनीला दोरी बांधून ओढली, दोरी हातात आली. आठ वीस. पाठ उघडी टाकून घामाघूम होऊन उभी. खुंटीवर तपकिरी झगा होता. त्याच्याकडे हात गेला. खरंच गेला.

"इकडे ये," ताई म्हणाली.

गेले. ती पलंगावर उठून बसली. मी पाठ केली. तिची बोटं वाकडी, पण जोड अचूक जुळवलान, दोन बोटांत दाबलान, आणि चेन एका दमात मानेपर्यंत आली. तिचा हात मात्र तिथेच राहिला. चेनीचं टोक तिनं सोडलं नाही.

"संध्याकाळी काढायला मीच लागेन," ती म्हणाली.

रागानं नाही म्हणाली. समाधानानं म्हणाली. त्यानं मला जास्त भीती वाटली.

थांब्यावर गुलाबी कोटवाली होती. मला वाटलं सगळा रस्ता मलाच बघतोय. तिनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "बस आज उशिरा आहे." बस्स, एवढंच.

दुकानात सकाळभर मी हात पोटावर बांधून उभी होते. दुपारी एक बाई आली, अंगात नवऱ्याचा असावा असा मोठा शर्ट. म्हणाली, "मला काहीतरी मोकळंच द्या, माझा बांधा असा आहे ना." मी म्हटलं, आधी माप तर घेऊ. खांदा घेतला, छाती घेतली, आणि मुद्दाम तिच्या पुढे उभी राहून टेपाची टोकं तिच्या पोटावर जुळवली. म्हटलं, "तुम्हीच वाचा." तिनं वाचलं. मग ती गप्प झाली, आणि मला दुसरीकडे बघावं लागलं.

पण ताईचं वाक्य दिवसभर मानेवर बसलं होतं. पाच वाजले, साडेपाच वाजले. घरी जायचं, तिच्यापुढे पाठ करायची. उद्या सकाळी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. ती नाही म्हणाली तर मी ड्रेसात अडकून बसणार, किंवा ड्रेसाबाहेर. चेन मी स्वतःच्या हातानं तिथे लावली होती, कुणी सांगितलं नव्हतं, याचा सगळ्यात संताप आला.

सहाला मालकीणबाई कुलूप शोधत होत्या. मी म्हटलं, "माझी चेन उघडता का जरा?"

"आत्ता? इथे? मग घरी कशी जाणार?"

"उघडा."

काय समजल्या कोण जाणे, पण उघडली. स्वतःचं स्वेटर काढून माझ्या खांद्यावर टाकलं. स्वेटर आखूड, चेन कमरेपर्यंत उघडी, खालून वारा पाठीला लागत होता. तशी मी घरी आले. बसमध्ये उभी राहिले, पाठ खांबाला टेकून. अशी फॅशन कुठल्या मासिकात छापलेली नसेल.

ताई दारासमोर खुर्ची ओढून बसली होती. सूप झाकलेलं तसंच. म्हणाली, "ये, काढते."

मी स्वेटर काढलं.

तिनं बघितलं. "कुणी काढली?"

"मालकीणबाईंनी."

"मग आता तिच्याकडेच राहायला जा."

"राहायला नाही. नऊ वाजता जाईन आणि सहाला येईन."

मी तिच्यासमोरच ड्रेस उतरवला, झगा घातला आणि चेन उसवायला घेतली. उद्यापर्यंत पुढे बटणं लावून होणार नाहीत हे दिसत होतं. मग झगा घालूनच जाईन, मालकीणबाई बोलल्या तर बोलू देत. टाके निघताना टकटक आवाज होत होता. ताई हातांकडे बघत होती.

"दिवसभर भीती वाटली मला," ती एकदम म्हणाली. "पाण्याला उठले नाही. जिन्यात कुणी चाललं तरी वाटायचं, आता काय होतंय."

ती असं आजवर कधी बोलली नव्हती. चक्कर यायची, ताप यायचा, ती पडायची. भीती वाटते, असं नाही.

"मलापण वाटली दुकानात," मी म्हटलं. "सकाळभर."

"मग?"

"मग काही नाही. उद्या परत जायचंय."

मी सूप गरम करायला उठले नाही. शेवटी तिनंच वाटी ओढली आणि गारच प्यायली.